टाळ्यांनंतर उरलेली चिठ्ठी

गेल्या हिवाळ्यात मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी तेथील महाविद्यालयाने चार दिवसांची विज्ञान व्याख्यानमाला भरवली होती. भौतिकी आणि खगोलशास्त्रात आज काय संशोधन चालले आहे हे गावातील लोकांना, आसपासच्या शाळांतील शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना सांगावे, हा हेतू. पहिली तीन व्याख्याने आम्ही श्रोत्यांत बसून ऐकली. चौथे आम्हालाच द्यायचे होते. नाटकाचे, पुस्तकाचे परीक्षण आपण वाचतो, पण विज्ञान-व्याख्यानाचे परीक्षण क्वचितच कोणी लिहितो. व्याख्यान छान झाले, सभागृह भरले होते, आभारप्रदर्शनानंतर कार्यक्रम संपला, एवढ्यावर बातमी संपते. या लेखात आम्ही चारही व्याख्यानांचे परीक्षण करणार आहोत. वक्त्यांची आणि संस्थेची नावे देण्याचे कारण नाही. गुणदोष कोणा एकाचे नाहीत, ते अशा बहुतेक व्याख्यानमालांचे आहेत. चौथ्या वक्त्याशी मात्र आम्ही जरा अधिक कठोर वागणार आहोत.

पन्नास मिनिटांची प्रस्तावना

पहिल्या दिवशी व्याख्यानाची वेळ सकाळी दहाची होती. दीपप्रज्वलन, सरस्वतीपूजन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, उद्घाटकांचे मनोगत आणि अध्यक्षांचे दोन शब्द, असे करता करता वक्ते ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले तेव्हा दहा वाजून पन्नास मिनिटे झाली होती. सर्वांत मागच्या रांगेत एका माध्यमिक शाळेच्या बाई अकरावीच्या वीसेक मुलामुलींना घेऊन बसल्या होत्या. चाळीस किलोमीटरवरून त्या एसटीने आल्या होत्या. परतीची गाडी साडेबाराची, आणि त्यानंतरची थेट चार वाजता. बाई दर दहा मिनिटांनी घड्याळाकडे पाहत होत्या.

पाहुण्यांचा सत्कार करू नये असे आमचे म्हणणे नाही. ती आपल्याकडची रीत आहे आणि तिच्यात आपुलकीही आहे. पण जो वेळ सत्कारात जातो तो कोणाच्या खात्यातून वजा होतो, हे पाहायला हवे. वक्ता आपली स्लाइड गाळत नाही, अध्यक्ष आपला समारोप आखडता घेत नाहीत. वजा होतो तो प्रश्नोत्तरांचा वेळ. त्या दिवशीही तसेच झाले. मुलांकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या गेल्या, आणि मग ‘वेळेअभावी’ त्या तशाच टेबलावर राहिल्या.

दिसलेले आणि काढलेले

पहिल्या व्याख्यानाचा विषय गुरुत्वीय लहरींचा होता. वक्ते अभ्यासू, आवाज खणखणीत, विषयावर हुकूमत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो या प्रयोगाच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथील दोन उपकरणांनी एकच लहर सुमारे ७ मिलिसेकंदांच्या फरकाने टिपली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी हा शोध जाहीर झाला. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर. ही सारी हकिगत वक्त्यांनी रंगवून सांगितली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोचेच भावंड उभे राहणार आहे, २०२३ साली केंद्र सरकारने त्यासाठी २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, हे सांगताच सभागृहात टाळ्या झाल्या. औंढा तेथून फार दूर नाही.

मग पडद्यावर दोन काळे गोळे एकमेकांभोवती गरगर फिरत आले, त्यांच्यामागचे तारे वेडेवाकडे झाले आणि गोळे एक झाले. सभागृह स्तब्ध. आमच्या शेजारी बसलेले एक निवृत्त मुख्याध्यापक हळूच म्हणाले, “काय दुर्बीण असेल हो!”

हा अर्थातच त्यांचा दोष नाही. ते चित्र कोणत्याही दुर्बिणीतून घेतलेले नव्हते. आइन्स्टाइनची समीकरणे संगणकाने सोडवून ते काढले होते. प्रत्यक्ष मोजले गेले ते एवढेच, की चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या लांबीतला फरक सेकंदाच्या पाचव्या भागात वरखाली झाला. बाकीचे सर्व अनुमान आहे. अनुमान म्हणजे कमअस्सल असे मात्र नाही. एका वेड्यावाकड्या रेषेवरून दोन कृष्णविवरांची वस्तुमाने कशी काढतात हीच तर या शोधातली खरी नवलाई. अशा विलीनीकरणानंतर कृष्णविवर घंटेसारखे कसे ‘वाजत’ जाईल, याचे गणित १९७० मध्ये सी. व्ही. विश्वेश्वर यांनी केले होते. गोंगाटात बुडालेली लहर ओळखून काढण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मोलाचे काम केले. मोजमाप आणि चित्र यांच्यामधला हा सगळा पूल वक्त्यांनी एका उडीत ओलांडला. त्यामुळे श्रोत्यांनी चित्र घरी नेले आणि विज्ञान सभागृहातच राहिले.

आणखी एक उणीव. हकिगत सगळी यशाची होती. याच क्षेत्रात १९६९ साली जोसेफ वेबर यांनी गुरुत्वीय लहरी सापडल्याचे जाहीर केले होते, आणि इतरांच्या प्रयोगांत त्या दिसल्या नाहीत. ही ठेच पुढच्यांच्या लक्षात राहिली. सप्टेंबर २०१० मध्ये लायगोच्या नोंदींत एक स्पष्ट लहर दिसली. शेकडो शास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने तिचे विश्लेषण केले, शोधनिबंधही लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये एक बंद पाकीट उघडले गेले तेव्हा कळले, की ती लहर त्यांच्याच मोजक्या सहकाऱ्यांनी मुद्दाम, गुपचूप घातलेली खोटी लहर होती. आपण फसतो का, हे पाहण्यासाठी! शाळेतल्या मुलांना शास्त्रज्ञ म्हणजे काय हे सांगायचे असेल तर आम्ही गरगरत्या गोळ्यांऐवजी या पाकिटाची गोष्ट सांगू.

जाळीचा तुकडा

दुसऱ्या दिवशीचे व्याख्यान रेडिओ दुर्बिणीवर होते. वक्ते फार बोलके नव्हते, मध्येच अडखळतही होते. तरीही आमच्या मते हेच या मालेतले सर्वांत चांगले व्याख्यान ठरले. कारण त्यांच्या पिशवीत एक तारेच्या जाळीचा तुकडा, एक जाळीचा झाकणवाला डबा आणि एक जुना ट्रान्झिस्टर होता.

नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ३० अँटेना आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्या भरीव पत्र्याच्या नाहीत, बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत. जाळीची भोके १ ते २ सेंटिमीटरची. वक्त्यांनी जाळी पुढच्या रांगेत फिरवायला दिली आणि विचारले, “एवढ्या भोकांतून लहरी गळून जाणार नाहीत का?” सभागृह गप्प. मग त्यांनी ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीचे मध्यम लहरींवरचे केंद्र लावले, तो डब्यात ठेवला आणि झाकण बंद केले. गाणे थांबले, नुसती खरखर उरली. ती खरखर जाळीतून नीट ऐकू येत होती! म्हणजे भोकांतून आवाज बाहेर येत होता, भोकांतून आतला ट्रान्झिस्टर दिसतही होता, फक्त रेडिओ लहरी आत जाऊ शकत नव्हत्या. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. खोडदची दुर्बीण टिपते त्या लहरींची तरंगलांबी साधारण २० सेंटिमीटर ते २ मीटर. त्या लहरींना १-२ सेंटिमीटरची भोके जाणवतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने जाळी म्हणजे आरसा. आणि वारा मात्र भोकांतून निघून जातो, म्हणून एवढी मोठी अँटेना हलकी आणि स्वस्त बांधता आली.

एका डब्यात तरंगलांबी, परावर्तन, अभियांत्रिकी आणि अर्थकारण मावले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून मुलांसाठी नाताळची व्याख्याने होत आली आहेत. मायकेल फॅरडे यांनी तेथे साधी मेणबत्ती टेबलावर ठेवून व्याख्यानेच्या व्याख्याने दिली. वस्तू टेबलावर असली की वक्त्याला फार पुढे पळता येत नाही, त्याला श्रोत्यांबरोबरच चालावे लागते. खोडदच्या वक्त्यांना बोलण्याची कला साधली नव्हती, पण डब्याने ती उणीव भरून काढली. त्या दिवशी प्रश्नही भरपूर आले. दोष सांगायचाच तर एक: दुर्बिणीने नेमके काय शोधले हे शेवटच्या पाच मिनिटांत उरकले गेले.

सत्तर स्लाइड

तिसऱ्या दिवशी एका तरुण संशोधकाने परग्रहांवर व्याख्यान दिले. इतर ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह आता हजारोंच्या संख्येने माहीत आहेत. विषय मुलांच्या आवडीचा. पण पन्नास मिनिटांत सत्तर स्लाइड आल्या आणि गेल्या. त्यांवरचा मजकूर इंग्रजीत आणि बारीक. आलेख आले, पण आडव्या अक्षावर काय आणि उभ्या अक्षावर काय हे एकदाही सांगितले गेले नाही. सुरुवातीलाच वक्ते म्हणाले होते, “हे मराठीत सांगणे जरा अवघड आहे.”

आम्हाला हे मान्य नाही. रेडिओ, लेझर, प्रोटॉन हे शब्द केव्हाच मराठी झाले आहेत. ते तसेच वापरावेत. शब्दांचे काही अडत नाही, अडते ते वाक्याशी. आपल्या विषयावर आपण मराठीत पूर्ण वाक्य करून कधी पाहिलेलेच नसते. एकच आलेख घेऊन असे म्हणता आले असते: गुरूचा व्यास सूर्याच्या सुमारे दहाव्या भागाइतका आहे, म्हणून त्याच्या तबकडीचे क्षेत्रफळ सूर्याच्या तबकडीच्या शंभराव्या भागाइतके. दूरच्या एखाद्या निरीक्षकाला गुरू सूर्यासमोरून जाताना दिसला, तर त्याला सूर्याचा प्रकाश १ टक्क्याने मंदावलेला दिसेल. पृथ्वीचा व्यास सूर्याच्या १०९ व्या भागाइतका; ती समोरून गेली तर घट १ टक्क्याच्याही शंभराव्या भागाहून कमी. परग्रह शोधणे अवघड का, पृथ्वीएवढे ग्रह शोधणे अधिकच अवघड का, हे आठवीच्या वर्गाला या चार वाक्यांत कळते. त्याऐवजी निळे समुद्र आणि पांढरे ढग असलेल्या परग्रहांची चित्रकारांनी कल्पनेने काढलेली चित्रे मुलांनी पाहिली. मोजमाप म्हणून हाती होती ती प्रकाशातली किंचितशी घट.

एवढे मात्र म्हटले पाहिजे, की या वक्त्यांनी व्याख्यान संपल्यावर व्हरांड्यात उभे राहून तासभर मुलांशी गप्पा मारल्या. तेथे त्यांचे मराठी अगदी उत्तम होते.

आमची चूक

चौथे व्याख्यान आमचे. विषय प्रसरण पावणारे विश्व. आम्ही फुग्यावर पेनाने ठिपके काढून तो फुगवून दाखवला. ठिपके एकमेकांपासून दूर गेले. सभेने मान डोलावली. शेवटी एका मुलाने विचारले, “सर, विश्व ताणले जाते, तर आपली शाळापण ताणली जाते का?” अध्यक्ष घड्याळ दाखवत होते. आम्ही हसून म्हणालो, “जाते, पण इतकी थोडी की कळत नाही.” सभागृहही हसले. मुलगा खाली बसला.

उत्तर चुकीचे होते. शाळा ताणली जात नाही. अगदी थोडीदेखील नाही. विटांतले अणू विद्युतबलाने बांधलेले आहेत, पृथ्वी आणि सूर्यमाला गुरुत्वाकर्षणाने बांधलेली आहेत, आपली आकाशगंगाही तशीच. वाढतात ती एकमेकांशी अशा बांधलेल्या नसलेल्या दीर्घिकांमधली अंतरे. हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. पण घाई होती, आणि शिवाय फुगा आमच्या विरुद्ध साक्ष देत होता: फुग्याबरोबर पेनाचे ठिपकेही मोठे झाले होते! त्या मुलाने ते नीट पाहिले होते आणि त्यावरूनच प्रश्न विचारला होता. ठिपक्यांऐवजी फुग्यावर टिकल्या चिकटवल्या असत्या, तर फुगा वाढला असता आणि टिकल्या तेवढ्याच राहिल्या असत्या. शिक्षकमित्रांनी हा प्रयोग टिकल्यांनीच करावा. आम्ही त्या मुलाच्या शाळेला पत्र लिहून चूक कळवली. पण हसलेल्या सभागृहाला पत्र कसे लिहिणार?

चिठ्ठीचे उत्तर

निघताना आम्ही पहिल्या दिवशीच्या न वाचलेल्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. त्यांत साडेबाराची एसटी गाठणाऱ्या बाईंच्या वर्गातल्या एका मुलीची चिठ्ठी होती: “आरसा अणूंचा बनलेला असतो आणि अणू थरथरत असतात. मग अणूपेक्षा लहान हालचाल मोजतात कशी?”

आधी आकडा पाहू. २०१५ च्या त्या लहरीने लांबीत घडवलेला बदल मूळ लांबीच्या, एकावर २१ शून्ये देऊन होणाऱ्या संख्येने भागल्यावर येईल, एवढा होता. भुजा ४ किलोमीटरची. म्हणजे बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका. अणू त्याच्या जागी थरथरतो तो याच्या लाखो पट. मुलीची शंका अगदी रास्त आहे.

उत्तराचे पहिले पाऊल सरासरीचे. प्रयोगशाळेत आपण एकाच लांबीची अनेक वाचने घेतो. १०० वाचनांच्या सरासरीतली चूक एका वाचनातल्या चुकीच्या दहाव्या भागावर येते. लायगोचा लेझर झोत आरशावर एका बिंदूत पडत नाही, सुमारे १० ते १२ सेंटिमीटर रुंदीत पसरतो. तेवढ्या पृष्ठभागावर एकावर १७ शून्ये इतके अणू असतात. प्रकाश त्या सर्वांच्या सरासरी जागेवरून परततो. त्या संख्येचे वर्गमूळ सुमारे ३० कोटी. तेवढ्या पटीने थरथर मिटते आणि मोजायच्या बदलाच्याही बरीच खाली जाते.

हा हिशेब ढोबळ आहे. अणू एकमेकांशी बांधलेले असल्यामुळे प्रत्येक जण स्वतंत्रपणे थरथरत नाही. आरसा, त्याच्यावरचा लेप आणि त्याला टांगणारे धागे एकत्रही कंप पावतात. म्हणून आरसे ४० किलोग्रॅमचे, अतिशुद्ध सिलिकाचे करतात आणि सिलिकाच्याच बारीक धाग्यांनी टांगतात. त्यामुळे बरेचसे कंप मोजायच्या वारंवारतांपासून दूर ठेवता येतात. तरीही आरशावरच्या लेपाची उष्णतेमुळे होणारी थरथर आज या उपकरणाच्या महत्त्वाच्या मर्यादांपैकी एक आहे. जपानमधील काग्रा या प्रयोगात तर ती कमी करण्यासाठी आरसे २० केल्विनच्या आसपास थंड करण्याची योजना आहे.

म्हणजे पाहा. अकरावीच्या मुलीने वहीच्या फाटक्या कागदावर जे विचारले, त्यावर जगभरचे तज्ज्ञ आज काम करीत आहेत. ती चिठ्ठी त्या दिवशी मोठ्याने वाचली गेली असती, तर औंढ्याच्या घोषणेपेक्षा मोठी गोष्ट सभागृहाला कळली असती: संशोधनाची सीमा कोठे आहे, आणि आपल्यातलीच एक मुलगी आत्ता तिच्यावर उभी आहे. औंढ्याची वेधशाळा कामाला लागेल तेव्हा ही मुलगी शिकून तयार झालेली असेल. ती तेथे जाईल की नाही, हे तिच्या प्रश्नाचे काय होते यावर थोडे तरी अवलंबून आहे.

एवढे करता येईल

जयंत नारळीकरांकडे मुले स्वाक्षरी मागायला येत, तेव्हा ते स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही असेल, असे सांगत. २०२५ साली ते गेले. पण त्या पोस्टकार्डांत व्याख्यानाचे सगळे शास्त्र आहे. व्याख्यान हे प्रश्नासाठी असते.

शिक्षकांच्या हाती पुष्कळ आहे. व्याख्यानाला मुलांना नेण्यापूर्वी एक तास त्या विषयाला द्यावा आणि प्रश्न आधीच लिहून घ्यावेत. ते आयोजकांमार्फत वक्त्यांकडे आठवडाभर अगोदर पाठवावेत. वक्त्याला त्यांचा राग येत नाही, उलट सभा कशी आहे ते कळते. आयोजकांनी सत्कार दहा मिनिटांत आटोपावा, चाळीस मिनिटे व्याख्यानाला द्यावीत आणि तीस मिनिटे प्रश्नांना, आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्याचाच घ्यावा. वक्त्यांनी प्रत्येक चित्राखाली ते छायाचित्र आहे, गणिताने काढलेले आहे की कल्पनेने, हे मराठीत लिहावे. एखादी वस्तू पिशवीत आणावी. आणि उत्तर येत नसेल तर तसे सांगावे. परतल्यावर शिक्षकांनी वर्गात एकच विचारावे: काय मोजले आणि काय ताडले? यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत.

त्या मुलीला आम्ही उत्तर पाठवले. पंधरा दिवसांनी बाईंच्या पत्रासोबत तिची दुसरी चिठ्ठी आली: “आरसा ४० किलोचाच का? आणखी जड केला तर?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे देत नाही, आपल्या वर्गाला विचारून पाहावे. सूचना एवढीच, की प्रकाश आरशावरून परततो तेव्हा तो आरशाला किंचित ढकलतो.